‘संपूर्ण गरोदरपण पॅकेज’ घेतलं, आणि त्यात शी तपासणीच नाही

घाईत असाल तर एवढंच वाचा. लातुरातल्या एका खाजगी लॅबचं गरोदरपणाचं ‘संपूर्ण’ पॅकेज आम्ही माझ्या भाचीसाठी घेतलं. ३,२०० रुपये. रक्त घेणारा पोरगा हाताचा हलका, रिपोर्ट कबूल केलेल्या वेळेला मोबाइलवर, काउंटरवरच्या ताईंचं बोलणं गोड. पाचपैकी तीन तारे. कापलेले दोन तारे पॅकेजमध्ये काय घातलंय आणि काय गाळलंय त्याचे. ज्यांच्या घरात कुणी दोन जिवांची आहे त्यांनी पुढचंही वाचावं.

लॅबचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण हे दुखणं एकट्या त्यांचं नाही. बीड, परभणी, नांदेड, कुठल्याही बसस्टँडसमोरचे बोर्ड बघा. गुलाबी रंग, पोटाला हात लावलेली बाई आणि खाली तपासण्यांची हीच यादी.

मी सरकारी ग्रामीण रुग्णालयात लॅब टेक्निशियन होतो, आता पेन्शनर. थुंकी, लघवी, शी आणि रक्ताचे थेंब यातच नोकरी गेली. त्यामुळं कुठल्याही लॅबच्या दारात गेलो की माझी नजर आधी बेसिनकडं आणि मग मायक्रोस्कोपकडं जाते. आमची मंडळी म्हणते, तुम्हाला दवाखान्यात कुणी सोबत नेऊ नये. तरी अक्कानं नेलंच.

भाची एकवीस वर्षांची, पाचवा महिना. सासर धारूर तालुक्यातल्या डोंगरपट्ट्यात. घरची माणसं दसऱ्या-दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात ती कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावरच परत येतात. मागच्या सीझनला ही पण गेली होती. यंदा दिवस गेले म्हणून माहेरी ठेवलं. अक्काचा फोन आला, “बाबा, पोरगी लईच पांढरी पडलीय. जिना चढली की धाप लागतीय. तुझ्याकडं घेऊन येते, तिकडं मोठी तपासणी करू.” मोठी तपासणी म्हणजे महागाची. म्हणलं, या.

पॅकेजची यादी वाचून दाखवतो. सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, रक्तगट, साखर, थायरॉइड, लघवी, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, व्हीडीआरएल (गरमी म्हणजे सिफिलिसची), व्हिटॅमिन डी, बी-१२ आणि सगळ्यात महागाचं ते टॉर्च पॅनेल. यातलं रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर, लघवी, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि व्हीडीआरएल हे सगळं सरकारी दवाखान्यात फुकट होतं. दर महिन्याच्या ९ तारखेला पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायकांना डॉक्टरही तपासतात, २०१६ पासून हे सुरू आहे. पण अक्काला ९ तारखेपर्यंत दम नव्हता, आणि दाजींना वाटत होतं की फुकटचं ते फुकटचंच.

मी काउंटरवर विचारलं, “ताई, यात स्टूल नाही का?” त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी शोरूममध्ये जाऊन बैलगाडीचं जू मागितलं. “काका, प्रेग्नन्सीत स्टूल कुणी सांगत नाही. पाहिजे तर एक्स्ट्रा करू, दीडशे रुपये.” म्हणलं, करा.

सकाळी साडेसातला पोरगा घरी आला. इथं त्याचं कौतुक केलंच पाहिजे. हातमोजे घरात आल्यावर घातले, पट्टा बांधून जास्त वेळ ठेवला नाही, एका टोचणीत शीर. नळ्यांचा क्रम बरोबर, आधी सीरमची, मग जांभळ्या टोपणाची, शेवटी साखरेची करडी. जांभळी नळी खसाखसा न हलवता हळूच आठ-दहा वेळा उलटीसुलटी केली. एवढं शिकलेली पोरं आता कमी भेटतात. पण शीची डबी त्यानं घेतली, पाकिटात घातली, बॅगच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवली आणि म्हणाला, “अजून पाच घरं आहेत, मग ही दुपारच्या गाडीनं मेन लॅबला जाईल.” मेन लॅब पुण्याला. मी मनात म्हणलं, गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रिपोर्ट आला. रंगीत चौदा पानं, पहिल्या पानावर भाचीचं नाव आणि कमळाचं चित्र. अक्कानं उघडला, आणि तिला दिसली ती लाल अक्षरं: ‘रुबेला आयजीजी पॉझिटिव्ह’, ‘सीएमव्ही आयजीजी पॉझिटिव्ह’. अक्काचा चेहरा उतरला. भाची तर रडायलाच लागली, “मामा, बाळाला काही होईल का?”

हे टॉर्च काय असतं ते सांगतो, कारण यातनंच घरोघरी रडारड होते. टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगॅलो म्हणजे सीएमव्ही आणि हर्पिस, ही त्यातली मुख्य नावं. पहिला परजीवी आहे, मांजराच्या विष्ठेतनं किंवा कच्च्या मटणातनं येतो. बाकीचे विषाणू. आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे कधीतरी पूर्वी त्या जंतूची गाठ पडली होती, किंवा लस झाली होती, आणि शरीरानं त्याची ओळख ठेवलीय. ताज्या आजाराचा संशय घ्यायचा तर आयजीएम बघतात, आणि तेही कधी कधी उगाच पॉझिटिव्ह येतं. भाचीचं आयजीएम सगळं निगेटिव्ह होतं. नोव्हेंबर २०१८ पासून आपल्या राज्यात गोवर-रुबेलाची लस शाळाशाळांत दिली, तेव्हा ही आठवीत होती. दंड दुखतोय म्हणून दोन दिवस शाळा बुडवल्याचं अक्कालाच आठवत होतं. मग रुबेला आयजीजी पॉझिटिव्ह येणार नाही तर काय येईल? ती तर आनंदाची बातमी, लाल अक्षरात छापलेली. सीएमव्हीचं म्हणाल तर आपल्याकडच्या बहुतेक बायकांत लहानपणीच तो येऊन गेलेला असतो आणि मग जन्मभर अंगात पडून राहतो. सोनोग्राफीत काही खटकलं, आधीचं बाळंतपण बिघडलेलं असलं, अंगावर पुरळ-ताप आला, तर डॉक्टर टॉर्च सांगतात ते ठीक. सगळं नीट चाललेल्या बाईची सरसकट टॉर्च करून घरोघरी भीती पेरायची, याला मी सेवा म्हणत नाही. अर्धा तारा इथं गेला.

आणि ज्या पानावर खरं दुखणं होतं तिथं कुणी थांबलंच नाही. सीबीसी. हिमोग्लोबिन ८.६. गरोदरपणात ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी, ७ ते १० च्या मधलं मध्यम कमी. एमसीव्ही ६८, म्हणजे तांबड्या पेशी लहान लहान, लोह आटल्याची खूण (थॅलेसेमियाचा वाहक असला तरी पेशी लहान दिसतात, तेवढी एक तपासणी डॉक्टरांनी पुढं करून घेतली, ती नॉर्मल आली). आणि त्याच्या खाली इओसिनोफिल, म्हणजे पांढऱ्या पेशींतली एक जात, १४ टक्के. सर्वसाधारणपणे ५-६ च्या आत असतात. वाढायला दमा, ॲलर्जी, एखादं औषध, अशी कारणं असतात. पण जी पोरगी अनवाणी उसाच्या फडात राबून आलीय, जिचं रक्त आटलंय, तिचे इओसिनोफिल १४ दिसले की आमच्या पिढीच्या टेक्निशियनला जंतांचा संशय यायचा आणि तो न विचारता शीची डबी मागायचा. रिपोर्टवर त्या आकड्यापुढं एक बारीक ‘एच’, म्हणजे ‘हाय’, छापलेला होता, बस. लाल रंग सगळा टॉर्चवर संपला असावा.

आणि शीचा रिपोर्ट? ‘अंडी, सिस्ट आढळले नाहीत.’ आढळणार कशी? डबी दुपारपर्यंत बॅगेत, मग पुण्यापर्यंत गाडीत. आकडी कृमी म्हणजे हुकवर्म, रक्त पिणारा आतड्यातला जंत. त्याचं अंडं उबेत एक-दोन दिवसात फुटून अळी बाहेर येते. ते ताजं बघायचं असतं, आणि एका नमुन्यात थोडीच अंडी असली तर सुटूनही जातं. म्हणून मी लातूरच्याच शाखेत गेलो. मागच्या खोलीत एक जुने टेक्निशियन बसतात, साठी उलटलेले, चष्मा कपाळावर. त्यांना म्हणलं, “साहेब, उद्या सकाळी ताजी डबी आणतो, तुम्ही स्वतः लावा.” ते हसले. “लई दिवसांनी कुणी असं बोललं.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर स्लाइड लावली. काचेच्या एका बाजूला मिठाच्या पाण्याचा थेंब, दुसऱ्या बाजूला आयोडीनचा. काडीच्या टोकावर येईल एवढीच शी, दोन्हीत कालवली, वर कव्हरस्लिप तिरपी टेकवून हळूच सोडली की बुडबुडा राहत नाही. थर एवढा पातळ पाहिजे की खाली छापील कागद धरला तर अक्षरं वाचता यावीत. मग दहाच्या भिंगाखाली एका कोपऱ्यातनं सुरू करून नांगरट केल्यासारखं सगळं क्षेत्र फिरायचं. गडी मधेच थांबला आणि खुर्ची माझ्याकडं सरकवली. लंबगोल, पारदर्शक, कवच इतकं पातळ की एक रेघच. आत चार पेशींचा पुंजका, आणि पुंजका व कवचाच्या मधे स्वच्छ मोकळी जागा. आकडी कृमी. जुनी ओळखीची माणसं लग्नात भेटावीत तसं झालं मला. एकाच काचेवर बरीच अंडी होती, म्हणजे आत जंतांची बऱ्यापैकी वस्ती.

हा आकडी कृमी तोंडावाटे येण्यापेक्षा जास्त करून पायातनं येतो. उघड्यावर बसलेल्या माणसाच्या शीतली अंडी ओल्या, सावलीतल्या मातीत फुटतात, आठवड्याभरात अळी टोचायला तयार होते आणि अनवाणी पायाच्या कातडीतनं आत शिरते. तिथनं रक्तातनं फुप्फुसात, फुप्फुसातनं घशात, आणि गिळली गेली की आतड्यात. तिथं दातांनी चिकटून रक्त पीत बसते. त्यातली एक जात दिवसाला प्रत्येकी ०.१५ ते ०.२ मिली रक्त घालवते. एकीचं काही वाटत नाही. शंभर असल्या तर रोज पंधरा-वीस मिली, आणि हे त्या बाईचं जिला स्वतःसोबत बाळालाही रक्त पुरवायचंय. उसाच्या फडात ओल असते, सावली असते, आणि कोपीच्या, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीच्या, आसपास संडास नसतो. भाचीला विचारलं, “तिकडं पायाला खाज सुटायची का गं, बोटांच्या बेचक्यात?” म्हणाली, “सगळ्याच बायांना सुटायची मामा, आम्ही चुना लावायचो.”

आता तुम्ही म्हणाल, रक्त कमी झालं ते कळलं, पण मामा विषाणूंच्या तपासण्यांवर का घसरलेत? तर माझी खरी तक्रार तिथंच आहे. या पॅकेजमध्ये अर्धे पैसे विषाणू शोधायला लावलेत, आणि विषाणूशी लढायची ताकद जे कमी करत असेल, ते शोधायला एक रुपया नाही.

शरीराच्या बंदोबस्ताच्या दोन तऱ्हा आहेत. विषाणू पेशीच्या आत शिरतो, त्याला मारायला इंटरफेरॉन गॅमा नावाचा पेशींचा निरोप आणि मारेकरी टी-पेशी लागतात. जंत एवढा मोठा की कुठलीच पेशी त्याला गिळू शकत नाही, तिथं इओसिनोफिल, आयजीई नावाची प्रतिपिंडं, आतड्यातला चिकट पाझर असली हत्यारं चालतात, आणि ती इंटरल्युकिन-४ सारखे निरोप सोडून कामाला लावली जातात. गोम अशी की ही दोन खाती एकमेकांना दाबतात. जंतांविरुद्धचं खातं जोरात चाललं की विषाणूंविरुद्धचं मंद होतं. शिवाय जंताला वर्षानुवर्षं आत राहायचं असतं, म्हणून तो बंदोबस्तच थंड करणाऱ्या पेशी वाढवतो. त्यात गरोदरपण. पोटातलं बाळ निम्मं बापाचं, त्याला परकं समजून हाकलू नये म्हणून बाईचं शरीर स्वतःची प्रतिकारशक्ती वेगळ्या तऱ्हेनं लावून घेतं. दुबळी होते असं नाही, पण फ्लूसारखा विषाणू गरोदर बाईला जास्त जड जातो, हे आपण २००९ च्या स्वाइन फ्लूत बघितलंय. म्हणजे एका बाजूनं गरोदरपण, दुसऱ्या बाजूनं जंत, आणि खाली रक्त आटलेलं.

याचे पुरावे मी रिटायर झाल्यावर वाचत बसलो, वेळच वेळ आहे. २०१४ साली ‘सायन्स’ या विज्ञानाच्या नियतकालिकात दोन अभ्यास एकदम आले. एकात उंदरांच्या अंगात हर्पिस घराण्यातला एक विषाणू झोपलेला होता. त्यांना जंतांचा संसर्ग दिला आणि तो विषाणू जागा होऊन वाढायला लागला, कारण तेच इंटरल्युकिन-४. दुसऱ्यात जंत असलेल्या उंदरांना नोरोव्हायरस हा आतड्यातला विषाणू नीट आवरता आला नाही. २०२१ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या लोकांनी दाखवलं की आतड्यात जंत असलेले उंदीर वेस्ट नाइल या डासांतनं पसरणाऱ्या विषाणूनं जास्त मेले. आता भाचीच्या रिपोर्टचं ते लाल पान पुन्हा काढा. सीएमव्ही हा हर्पिस घराण्यातलाच, आणि तो तिच्या अंगात झोपलेला आहे. एवढं सांगायला लॅबनं हजारभर रुपये घेतले. त्याला जागं करण्याचा संशय ज्याच्यावर घेता येईल तो आतड्यात बसलेला, आणि त्याची तपासणी ‘एक्स्ट्रा’. उंदरातला तो विषाणू म्हणजे सीएमव्ही नव्हे, आणि भाची उंदीर नव्हे, हे मान्य. पण दीडशे रुपयांत हा संशय घेता येतो ना?

माणसांतलं चित्र एवढं साफ नाही. टांझानियातल्या म्बेया भागात हत्तीरोगाचे जंत असलेल्या लोकांना नव्यानं एचआयव्ही होण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट दिसलं, ‘लॅन्सेट’ या डॉक्टरी नियतकालिकात २०१६ ला आलं होतं. केनियातल्या एका लहान अभ्यासात, एचआयव्ही असलेल्या गरोदर बायकांपैकी ज्यांना जंत होते त्यांच्याकडून बाळाला एचआयव्ही जास्त गेला. पण उलट्या बाजूचंही आहे. २०१७ च्या एका अभ्यासात जंत असलेल्या उंदरांना आरएसव्ही नावाच्या श्वासाच्या विषाणूपासून उलट संरक्षणच मिळालं. आणि युगांडात एन्टेबेला अडीच हजार गरोदर बायकांवर मोठी चाचणी झाली, निम्म्यांना अल्बेंडाझोल ही जंताची गोळी, निम्म्यांना नुसती दिखाऊ गोळी. सरसकट बघितलं तर रक्तात, बाळाच्या वजनात, बाळानं लशीला दिलेल्या प्रतिसादात फरक नाही. फायदा दिसला तो ज्यांच्या पोटात आकडी कृमी जास्त होते त्यांच्या रक्ताला. आणि गोळी घेतलेल्यांच्या बाळांना इसब जास्त झाला.

हे वाचून काहीजण म्हणतील, मग गोळीत काय राम आहे? मला त्यातनं उलट कळतं. ज्या बाईच्या काचेवर अंडी भरलेली आहेत तिला गोळीनं गुण येतो, आणि ती बाई कोण हे मायक्रोस्कोपच सांगतो. आपल्याकडं ॲनिमिया मुक्त भारतमध्ये, म्हणजे २०१८ पासून, दुसऱ्या तिमाहीत प्रत्येक गरोदर बाईला अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची एक गोळी देतात, फुकट. जिथं लॅबच नाही तिथं हे शहाणपणाचं आहे, आणि आशाताईंनी दिली तर बिनधास्त घ्या. फक्त पहिल्या तीन महिन्यात ती चालत नाही. शाळेत १० फेब्रुवारीला वाटतात तीच गोळी, म्हणून घरातल्या धाकट्या दिराची उचलून तोंडात टाकायची नाही, महिना कितवा ते आधी बघायचं. नांदेडकडं हत्तीरोगाच्या गोळ्या वाटतात तेव्हा गरोदर बाईला त्यातनं वगळतात. तिथं मी पाहुण्यांकडं वाद ऐकलाय, “शेजारणीला दिली, आमच्या सुनेला का नाही?” नाही देत, त्याला कारण आहे.

पाण्याचंही एक राहिलं. पॅकेजमध्ये हिपॅटायटिस बी आणि सी होते. आपल्या भागात गरोदर बाईला ज्याची खरी धास्ती आहे तो हिपॅटायटिस ई. शी मिसळलेल्या पाण्यातनं येतो, आणि शेवटच्या तिमाहीत झाला तर शंभरातल्या वीस-पंचवीस बायका दगावू शकतात. त्याची उगाच तपासणी करायची गरज नाही, डोळे पिवळे झाले की धावायचं. पण ज्या वाटेनं तो येतो त्याच घाणीच्या वाटेनं जंतही येतात. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी प्यायलेलं हे शहर, आठ-दहा दिवसांनी नळ आला की टाकी, टाकी संपली की टँकर, टँकरचं पाणी कुठल्या विहिरीतलं ते कुणी विचारत नाही. माझी आजी पाणी दुहेरी फडक्यातनं गाळायची, नारू या पाण्यातनं येणाऱ्या जंताच्या भीतीनं. २००० साली नारू देशातनं गेल्याचं जाहीर झालं, आणि लोकांनी फडकंही सोडलं. गरोदर बाईचं पाणी तरी उकळा.

उपचाराचं थोडक्यात. भाचीला सरकारी डॉक्टरीणबाईंकडं नेलं, काचेवरचं सांगितलं. त्यांनी अल्बेंडाझोल समोरच चावून खायला लावली. लोह-फॉलिक ॲसिडच्या लाल गोळ्या दिवसाला दोन, जेवणानंतर, चहापासून दोन तास लांब, आणि कॅल्शियमची गोळी त्याच वेळी नाही. तुम्हाला हाच डोस असं नाही, तुमच्या आकड्यावरनं तुमचे डॉक्टर ठरवतील. महिन्यानं हिमोग्लोबिन साडेनऊ. काळी शी बघून अक्का घाबरली होती, तिला म्हणलं, लोहाच्या गोळीनं होतंच ते. फ्लूची लसही डॉक्टरीणबाईंनीच सुचवली आणि दाजींनी पहिल्यांदाच तक्रार न करता पैसे काढले.

लॅबच्या मालकांना मी जाऊन भेटलो. तरुण माणूस आहे, ऐकून घेतलं. म्हणलं, टॉर्च काढा, स्टूल घाला, पॅकेज हजार रुपयांनी उतरेल आणि बाईचं भलं होईल. ते म्हणाले, “काका, डबी आणायला बायका लाजतात. सासऱ्याच्या गाडीवर मागं बसून पिशवीत ती डबी घेऊन कोण येणार? आणि शहरातले डॉक्टर चिठ्ठीवर टॉर्च लिहितात, मी काढलं तर समोरची लॅब घालील.” दोन्ही गोष्टी खोट्या नाहीत. डबीचं तर मला नवीन नाही, आमच्या रुग्णालयात बायका ती पदराखाली धरून आणायच्या आणि खिडकीत ठेवून पळायच्या, नाव न सांगताच. मग कुणाची कोणती ते आम्ही ओळखत बसायचो. पण घरी येणाऱ्या पोराला ताजी डबी सरळ शाखेत पोचवायला सांगणं, आणि इओसिनोफिल वाढले की रिपोर्टखाली ‘ताजी शी तपासा’ एवढी एक ओळ छापणं, याला लाज आडवी येत नाही. मालक म्हणाले, बघतो. बघू.

तारे असे. रक्त घेणं पाच. रिपोर्टचा वेळ पाच. रिपोर्टची मांडणी दोन, चौदा पानात कामाचं दीड पान. पॅकेज दोन. मागच्या खोलीतले टेक्निशियन पाच, त्यांना सहा देता आले असते तर सहा. काउंटर चार, कारण बिलावर स्टूलचे दीडशे दोनदा लावले होते, दाखवल्यावर लगेच परत दिले.

डबी द्यायला जाणार असाल तर सकाळी साडेआठ ते दहाच्या आत जा आणि “इथंच लावा, पुण्याला पाठवू नका” असं काउंटरवर स्पष्ट सांगा. डबीत लघवी किंवा पाणी मिसळू देऊ नका, लिंबाएवढी नको, सुपारीएवढी पुरे. लिफ्ट आहे पण भारनियमनात बंद असते, तेव्हा धाप लागणाऱ्या बाईला खालीच बसवा, पोरगा खाली येऊन रक्त घेतो. रविवारी मागच्या खोलीला कुलूप असतं.